पिल्लू मान टाकतंय? आधी पाय चाचपा

संक्रांत जवळ आली की माझ्या टपालाचा सूर बदलतो. "कोंबडी अंडी देणं बंद झाली" या दिवाळीतल्या तक्रारी मागे पडतात आणि "पिल्लं टिकत नाहीत" सुरू होतं. या खेपेला तर निम्म्याहून जास्त पत्रं पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांचीच आहेत. म्हणून गाई-म्हशींची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली आहेत. दूधवाल्यांनी राग मानू नये, तुमच्या जनावराला अंगभर कातडं आहे, या बिचाऱ्यांना अजून पिसंही फुटलेली नाहीत.

ताई, आमच्या बचत गटानं अंडी उबवायची लहान मशीन घेतली. साठ अंडी ठेवली होती. एकविसाव्या दिवशी काहीच नाही, बाविसाव्या रात्री सुरू झालं आणि तेविसाव्या दिवसापर्यंत एक्केचाळीस पिल्लं निघाली. त्यातली आठ-नऊ उभीच राहत नाहीत. डोळे मिटून बसून राहतात, मान खाली टाकतात. उकडलेल्या अंड्याचा बलक चारून राहिलो, ड्रॉपरनं गूळपाणी पाजून राहिलो, मेडिकलवाल्यानं अँटिबायोटिक दिलं तेही दिलं. तरी रोज एक-दोन मरतात. अजून काय द्यावं? — बचत गटातल्या एक ताई, मौदा तालुका

ताई, आणखी काहीही देऊ नका. जे देताय तेही दोन तास थांबवा. एक मलूल पिल्लू हातात घ्या आणि त्याचे तळपाय स्वतःच्या गालाला किंवा मानेला लावा. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढण्याच्या केंद्रात, काम करणारी जुनी माणसं असंच बघतात. बोटांनी चाचपू नका, या दिवसांत आपलीच बोटं गारठलेली असतात, त्यांना काय कळणार? पाय गालाला गार लागले तर ते पिल्लू गारठलंय. आजार-बिजार आहे की नाही ते मग बघू.

नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं अंग 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असावं लागतं, आणि ते तेवढं ठेवण्याची ताकद पहिले काही दिवस त्याच्यात नसते. अंगावरचा मऊ लव दिसायला गोड, पण ओला असेल किंवा वारा लागत असेल तर त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडची थंडी तुम्हाला सांगायला नको. 2018 च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. तेवढं नाही तरी उघड्या वावराकडच्या टिनाच्या शेडमध्ये पहाटे चार वाजता काय होतं ते एकदा स्वतः उठून बघा. बहुतेक पिल्लं त्याच वेळेला जातात आणि सकाळी आपण म्हणतो, रात्री तर चांगली होती.

आता चारण्याचं. गारठलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही. तुम्ही बलक चारता तो गळ्याखालच्या पिशवीत तसाच पडून राहतो आणि आंबतो. ड्रॉपरनं ढकललेलं पाणी गिळायची ताकद नसते, ते श्वासनळीत जातं. मान टाकलेल्या पिल्लाच्या तोंडात गूळपाणी ओतलं आणि त्यानं दोन झटके देऊन जीव सोडला, असं तुमच्याकडे घडलं असणार. ते पाण्यानं गेलं. उपासानं गेलं नाही, कारण पहिल्या दिवशी पिल्लू उपाशी नसतंच. अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेऊनच ते बाहेर येतं आणि त्यावर 48 तास, कधी 72 तासही काढतं. म्हणून तर हॅचरीची पिल्लं खोक्यात भरून रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात जातात आणि पोचल्यावर टुणटुणीत असतात.

तेव्हा आधी ऊब. बुटाचा नाहीतर साडीचा खोका घ्या. तळाला जुना टॉवेल. एका बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा किंवा वरून बल्ब सोडा. बल्ब पिवळ्या उजेडाचा, जुना तारेचा हवा. एलईडी लावून "बल्ब तर चालू आहे ताई" म्हणणारे मला दर हिवाळ्यात भेटतात. एलईडीनं उजेड पडतो, ऊब मिळत नाही. साठ-शंभर वॅटचा तारेचा बल्ब आता सगळीकडे मिळत नाही, पण नागपूरच्या इतवारी बाजारात विचारलंत तर कुणाच्या तरी माळ्यावर निघतो. नाहीतर पिल्लांसाठीचा लाल ब्रूडर बल्ब घ्या. पिल्लाच्या पाठीच्या पातळीला 35 अंश हवेत, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 95. थर्मामीटर भिंतीला टांगू नका, खाली टॉवेलवर ठेवा. आणि खोका पूर्ण गरम करू नका, अर्धा गरम, अर्धा जरा कमी. जास्त झालं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश उतरवत जायचं.

शेगडी मात्र नको. दारं लावून कोळशाची शेगडी पेटवली की विषारी वायू कोंडतो. पिल्लं मरतातच, राखण करणारं माणूसही त्याच खोलीत झोपलेलं असतं.

तास-दोन तासांत पाय गरम झाले, पिल्लानं डोळे उघडले, चिवचिव केली, की मग पाणी. कोमट. लिटरभर पाण्यात पन्नासेक ग्रॅम गूळ पुरतो, आणि तोही पहिल्या दिवसापुरता. गूळपाणी ठेवलं तर आंबतं, दर चार तासांनी फेकून नवं करा. पाजताना चोच वरून उघडायची नाही. पिल्लाची चोच पाण्यात फक्त टेकवा, ते मान वर करून गिळेल. ड्रॉपरच वापरायचा असेल तर चोचीच्या कडेला एक थेंब लावा आणि थांबा. गिळलं की दुसरा. भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे टाका, अशक्त पिल्लं वाटीभर पाण्यातही बुडून मरतात.

त्यानंतर दाणा. चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचा तयार दाणा, मिक्सरला एकदा फिरवून बारीक करा आणि पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर पसरा. बोटानं टकटक केलं की पिल्लं चोच मारायला शिकतात, कोंबडी तेच करते. उकडलेल्या बलकानं जीव येतो हे खरं, पण चिमूटभर, एक-दोन वेळा, बस. त्यावरच ठेवलंत तर शी चिकट होते. संध्याकाळी गळ्याखालची दाण्याची पिशवी हलकेच दाबून बघा. भिजवलेल्या कणकेसारखी मऊ आणि भरलेली लागली तर पिल्लू खातंय आणि पितंयही. टणक लागली तर पाणी कमी पडतंय. रिकामी असेल तर ते पिल्लू बाजूला काढा.

हे झालं वाचवण्याचं. पण आठ-नऊ पिल्लं एका खेपेला लुळी निघाली याचं कारण तुमच्या पत्रातच आहे: बाविसावी रात्र. कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटलं पाहिजे. उशीर झाला म्हणजे मशीन गार चाललं. पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 अंश हवेत, बिनपंख्याच्या मशीनमध्ये अंड्यांच्या वरच्या पातळीला त्याहून अंशभर जास्त. मशीनवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. घरातला तापाचा थर्मामीटर आत ठेवून ताडून बघा. मशीन दाराजवळ असेल तर आतल्या खोलीत न्या, वीज जाते तेव्हा वरून गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी सोडा. आणि साठ अंडी जमवायला तुम्हाला किती दिवस लागले? आठवड्यापेक्षा जुनी अंडी ठेवली की पिल्लं कमी निघतात, उशिरा निघतात आणि निघतात ती दुबळी. पुढच्या वेळी चाळीसच ठेवा, पण ताजी ठेवा.

मेडिकलवाल्याच्या बाटलीबद्दल एवढंच म्हणते: थंडीवर अँटिबायोटिक चालत नाही. कोलिस्टिन नावाचं औषध पूर्वी पिल्लांना सर्रास पाजायचे. माणसांसाठी ते शेवटच्या हाताशी राखून ठेवलेलं औषध आहे म्हणून 2019 मध्ये सरकारनं कोंबड्या-जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा आणि डॉक्टरला दाखवल्याशिवाय पुन्हा घेऊ नका.

मॅडम, मी अकरावीत आहे. माझ्या मशीनमधल्या एका अंड्याला काल दुपारी टोचा पडला. पिल्लू आतून चिवचिव करते पण बाहेर येत नाही. मी टरफल काढून मदत करू का? — काटोल

बाळा, हे छापून येईपर्यंत तुझा निकाल लागलेला असेल, पण पुढच्या खेपेला उपयोगी पडेल. टोचा पडल्यापासून, म्हणजे पिल्लानं आतून टरफलाला पहिलं भोक पाडल्यापासून, ते बाहेर यायला 12 ते 24 तास सहज लागतात, आणि त्यातला बराच वेळ ते नुसतं पडून असतं. आपल्याला वाटतं अडकलं. खरं तर त्या वेळात ते फुप्फुसानं श्वास घ्यायला शिकत असतं, आतल्या पापुद्र्यातलं रक्त आणि पोटाबाहेरचा बलक अंगात ओढून घेत असतं. त्याआधी तू टरफल सोललंस तर रक्त वाहील आणि बेंबी उघडी राहील. तुझ्या मदतीनं ते एक दिवस आधी बाहेर येईल आणि एका दिवसात जाईल.

24 तास उलटून गेले, टोचा पुढे सरकलाच नाही आणि भोकातून दिसणारा पापुद्रा तपकिरी, कोरडा पडलाय, तरच हात घाल. कोमट पाण्यात कापूस बुडवून, पिळून, पापुद्र्याला लाव. नाकाची भोकं सांभाळ. अंड्याच्या जाड टोकाकडून, जिथे हवेची पोकळी असते तिथून, टरफलाचा नखाएवढा तुकडा काढ आणि थांब. रक्ताचा ठिपका दिसला की लगेच बंद कर आणि अंडं परत आत ठेव. शेवटचा जोर पिल्लालाच लावू दे.

आणि दर दहा मिनिटांनी मशीनचं झाकण उघडून बघत असशील तर ते आधी सोड. शेवटचे तीन दिवस आत 65 ते 70 टक्के दमटपणा लागतो. झाकण उघडलं की तो उडून जातो, पापुद्रा वाळतो आणि पिल्लू त्यातच जखडतं. नागपूर जिल्ह्याच्या कोरड्या हवेत हे फार होतं, उन्हाळ्यात कूलरसमोर मशीन ठेवणाऱ्यांकडे तर विचारू नका. कूलरच्या दमट हवेनं मशीनला फायदा होईल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात झोतानं मशीनचं तापमान खालीवर होत राहतं.

आम्ही गच्चीवर हौसेनं दहा पिल्लं आणली. खाली रोज स्वच्छ वर्तमानपत्र बदलते. तरी दोघांचे पाय दोन्ही बाजूंना फाकले आहेत, पोटावर घसरतात. पोलिओसारखं काही आहे का? — गृहिणी, मानेवाडा

वर्तमानपत्रच कारण आहे हो. स्वच्छतेला शंभर गुण, पण गुळगुळीत कागदावर पिल्लाच्या पायांना पकड मिळत नाही, पाय बाहेर सरकतात आणि सांधे तसेच घट्ट व्हायला लागतात. आजच कागद काढा. पहिले चार-पाच दिवस जुना खरखरीत टॉवेल किंवा गोणपाट, नंतर धानाचं तूस. तुमच्या घरातलं कुणी रामटेक-मौद्याकडे जात असेल तर राईस मिलवरून पोतं आणा. तूस कोरडं हवं, बुरशीचा वास नको. बुरशी पिल्लांच्या छातीत बसली की त्यावर धड औषध नाही.

फाकलेले पाय पहिल्या दोन-तीन दिवसांत हमखास सुधारतात, आठवडा उलटला की कठीण होत जातं. औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी घ्या आणि बोटाच्या निम्म्या रुंदीची पट्टी कापा. एकानं पिल्लू उताणं न करता तळहातात उभं धरायचं, पाय खाली लोंबू द्यायचे. दुसऱ्यानं पट्टी एका पायाच्या घोट्याच्या वर सैलसर गुंडाळायची, मधे साधारण अडीच सेंटीमीटर मोकळी सोडायची आणि दुसऱ्या पायाला गुंडाळायची. मधल्या भागात पट्टीचे दोन पदर एकमेकांना चिकटवले की लवेला डिंक लागत नाही. पिल्लू उभं केल्यावर पाय बरोबर अंगाखाली आले पाहिजेत. फार जवळ बांधलेत तर तोंडावर पडेल. सुरुवातीला ते चिडेल, कोलमडेल, मागे मागे जाईल. तासाभरात सरावतं. त्या वेळात पाण्याचं भांडं काढून घ्या आणि चोच टेकवून तुम्हीच पाणी द्या. पट्टी रोज काढून बघा, पाय सुजला असेल तर सैल करा. दोन ते चार दिवसांत काम होतं.

पट्टी काढताना ओढू नका, खोबरेल तेलाचं बोट लावा आणि मग सोडवा. कातडी कागदाहून पातळ असते.

तुमच्या पत्रात आणखी एका पिल्लाची बोटं आत वळल्याचं लिहिलंय. ते वेगळं प्रकरण आहे. बोटं वळतात ती बहुधा बी-2 जीवनसत्त्व कमी पडल्यानं, कधी आईच्याच खुराकात कमी असतं. पुठ्ठ्याचा छोटा तुकडा पायाखाली धरून बोटं सरळ पसरवा, वरून पट्टी लावा, आणि पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्या. दुकानदार ए-डी-ईचं लिक्विड पुढे करेल. ते इथे कामाचं नाही, बी-2 लिहिलेलंच मागा.

पिल्लांच्या बुडाला शी वाळून चिकटते. ओढून काढावी का? — कळमेश्वर

ओढू नका, लवेबरोबर कातडी निघते. कोमट पाण्यानं कापूस भिजवून दोन-तीन मिनिटं लावून ठेवा, मऊ झालं की पुसा, कोरडं करा, खोबरेलचं बोट फिरवा, आणि ओलं पिल्लू तसंच न सोडता उबेत ठेवा. जागा तशीच बंद राहिली तर पिल्लू दोन दिवसांत मरतं. फक्त एक बघा: बुडाच्या पुढे पोटावर सुकलेला काळा धागा दिसतो ती बेंबी आहे. ती शी समजून उपटणारे आहेत. बहुतेक वेळा याचं मूळ गारवा किंवा अति उष्णता असतं. अनेक पिल्लांना एकदम पांढरी पातळ हगवण लागली आणि मर सुरू झाली तर तो पांढऱ्या हगवणीचा रोग असू शकतो, तो अंड्यातूनच येतो. मग घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टर गाठा.

नमस्कार ताई. मी दोनशे पिल्लं विकत आणली. तिसऱ्या दिवसापासून मर लागली. पोट फुगलेलं, बेंबी काळी-ओली, घाण वास येते. विकणारा म्हणते तुमचीच देखभाल चुकली. मानमोडी आहे का? — तरुण शेतकरी, सावनेर

मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, वाटत नाही. मानमोडीत श्वास, हगवण, लुळेपणा, मान पिरगळणं दिसतं. बेंबी ओली, पोट नरम आणि फुगलेलं, सडका वास, आणि सगळी मर पहिल्या आठवड्यात: हे बेंबीतून गेलेल्या जंतूंचं लक्षण आहे. बेंबी बंद व्हायच्या आत घाणीतले जंतू आत शिरतात आणि पोटातला बलक नासतो. सुरुवात बहुधा घाणेरड्या अंड्यांत किंवा न धुतलेल्या मशीनमध्ये होते, पण वाहतुकीतला गारठा आणि पोचल्यावरची ओली गादी यांनी ती वाढते. दोघांत कुणाचं किती हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पावती, पिल्लं आल्याची तारीख आणि रोजची मर वहीत लिहून ठेवा. भांडणात वहीच कामी येते.

वास येणारी पिल्लं आत्ताच्या आत्ता वेगळी करा. ज्यांची बेंबी नुसती उघडी दिसतेय, पण वास नाही आणि पिल्लू हिंडतंय, त्यांच्या बेंबीला पोव्हिडोन आयोडीनचा थेंब लावा. फुगलेल्या पोटाचं पिल्लू जगत नाही, जवळजवळ कधीच नाही, आणि तुम्ही त्याला चार दिवस औषध पाजत बसलात तर चांगल्या दीडशेकडे दुर्लक्ष होतं. उरलेल्यांसाठी अँटिबायोटिक लागेल का, कोणतं, किती, हे डॉक्टरनं मेलेलं पिल्लू फाडून बघितल्यावरच ठरवू द्या.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की न वाचणारं पिल्लू मारून टाकावं का. विचारायला लाज वाटली असंही लिहिलंय. लाज कसली? मी उमरेड-भिवापूरकडे पशुधन पर्यवेक्षक होते तेव्हा हा प्रश्न बायका हळूच कानात विचारायच्या. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं. दिवसभर नीट ऊब दिली, तरी चोच टेकवूनही पाणी गिळत नाही, पोट सडलंय, किंवा जन्मतः चोच-पाय असे वाकडे की खाताच येणार नाही, तर त्याला ताटकळत ठेवणं ही माया नव्हे. डॉक्टरकडून किंवा ज्याचा हात बसलाय अशा माणसाकडून एका क्षणात मान सुटवून घ्यावी. पाण्यात बुडवणं किंवा मांजराला म्हणून कुंपणापलीकडे ठेवणं हे दोन्ही प्रकार मी पाहिलेत, दोन्ही वाईट. बाकी लुळं पिल्लू म्हणजे मेलेलं पिल्लू असं मात्र धरू नका. वरच्या मौद्याच्या ताईंची निम्मी तरी उठतील.

आणि राहिलेल्या सशक्त पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात द्यायला विसरू नका. खरी मानमोडी आली तर दोनशेतलं एकही राहणार नाही. आजारी दिसणाऱ्याला लस देऊ नये, ते सुधारेपर्यंत थांबावं.

तुमचे लेख वाचतो. अंश, टक्के, वॅट! आमच्या आजीनं आयुष्यात थर्मामीटर पाहिला नाही आणि तिची पिल्लं अंगणभर हिंडायची. खुडूक कोंबडी बसवा म्हणून का सांगत नाही? — निवृत्त शिक्षक, उमरेड

गुरुजी, सांगते की. खुडूक कोंबडी मिळाली तर मी माझी मशीनची पत्रं फाडून टाकीन. तिच्या पोटाखाली थर्मामीटर, दमटपणा आणि राखणदार सगळं एकत्र असतं. पण तुमच्या आजींनी बारा अंडी मांडली आणि दहा निघाली तर त्यातली दोन घारीनं नेली, एक मुंगसानं, एक पावसात गारठलं, हेही आठवा. अंगणभर हिंडायची ती उरलेली. आजी मोजत नसत, एवढाच फरक. शिवाय बचत गटाला चाळीस पिल्लं एका तारखेला हवी असतात, तेव्हा चार कोंबड्या एकदम खुडूक होतील याची हमी कोण देणार?

तरीही ज्यांच्याकडे खुडूक कोंबडी आहे त्यांच्यासाठी: मशीनचं दुबळं पिल्लू आधी खोक्यात गरम करा, पाणी पाजा, आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच, रात्री अंधार पडल्यावर, तिच्या पंखाखाली मागच्या बाजूनं हळूच सरकवा. सकाळी ती आपलंच समजते. दिवसा उजेडात ठेवलंत तर टोचून काढील. आणि पहाटे डालं उचलून तिथंच पाच मिनिटं बसा. काही कोंबड्या धडपडणाऱ्या पिल्लाला चोच मारून बाजूला करतात. तसं दिसलं तर ते परत खोक्यात. पायानं अधू पिल्लू आईकडे ठेवू नका, ती इतरांना घेऊन पुढे निघून जाते आणि हे मागे उघड्यावर राहतं.

मुलीच्या हट्टानं बाजारातून हिरव्या-गुलाबी रंगाची दोन पिल्लं घेतली. एक रात्रीत गेलं. दुसरं सारखं ओरडतंय. मुलगी जेवत नाही. — आई, नंदनवन

पहिल्या पिल्लाबद्दल मुलीला खरं सांगा, तुमच्या घरी काही बिघडलं नाही. ही बहुतेक अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं असतात. हॅचरीला नको असतात, म्हणून स्वस्तात जातात, रंगात बुडवली जातात आणि दिवसभर उघड्या टोपलीत गारठतात. घरी येतात तेव्हाच अर्धी संपलेली असतात.

दुसरं ओरडतंय याचा अर्थ त्यात दम आहे. आधी वर सांगितल्याप्रमाणे ऊब. पायाला ऊब लागूनही ओरडत असेल तर त्याला सोबत हवीय. खोक्यात घडी केलेलं लोकरीचं मोजं ठेवा, त्यात शिरून बसेल. एक छोटा आरसा टेकवून ठेवला तरी बऱ्याच वेळा गप्प होतं. रंग धुवायला अंघोळ घालू नका, तो लवेबरोबर आपोआप जातो. पोळीचे तुकडे नको, स्टार्टर नाही मिळालं तर तांदळाची बारीक कणी आणि मक्याचा भरडा एक-दोन दिवस चालेल. मुलीनं पिल्लाला हात लावला की साबणानं हात धुवायचे आणि पापी घ्यायची नाही, पिल्लांच्या शीतले जंतू लहान मुलांच्या पोटात जातात. आणि हो, जगलं तर तो कोंबडा होणार आहे, चार-पाच महिन्यांत पहाटे आरवणारा. शेजाऱ्यांशी आत्तापासून गोडीनं वागा.

मेलेलं पिल्लू तपासायला नागपुरात कुठे न्यायचं? — हिंगणा, कुही आणि पारशिवनीहून आलेली पत्रं

सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय. 1958 पासूनचं, आता माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, अखत्यारीत आहे. आधी फोन करून वेळ विचारा. लांबच्यांनी आधी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा 1962 वर फिरत्या पथकासाठी फोन करावा.

पिल्लू त्याच दिवशी मेलेलं हवं. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या अवयवांत काही नीट दिसत नाही. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवा. एक मेलेलं नेण्यापेक्षा दोन-तीन मेलेली आणि एक आजारी जिवंत नेलंत तर डॉक्टरला जास्त कळतं. जिवंत पिल्लाचा खोका वेगळा आणि उबदार, बर्फाशेजारी नको. सोबत चिठ्ठी: पिल्लं कधी निघाली, मर कोणत्या दिवशी सुरू झाली, रोज किती, खायला काय, पाण्यातून काय काय दिलं. शेवटची ओळ लपवू नका. मेडिकलची रिकामी बाटलीच नेलीत तर उत्तम.